हौशी आणि धंदेवाईक : एका पोलिश टेनिसपटूची कारकीर्द
(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत 'खेळात पैसा आला आणि खेळ बिघडला' या विषयावर मी बोलले होते. विषयाच्या बाजूने बोलले. टाळ्या मिळाल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीसही मिळाले. 'हौशी खेळाडू हाच खरा खेळाडू. धंदेवाईक खेळाडू म्हणजे मैदानावरचा व्यापारी' हे माझे वाक्य तर अनेकांनी नंतर थांबवून म्हणून दाखवले. घरी गेल्यावर ते भाषण मी मोठ्या उत्साहाने वडिलांना ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजे पैसं घेऊन केलेलं काम खोटं, असं म्हणालीस व्हय तू?"

माझे वडील गुऱ्हाळावर गुळव्या आहेत. मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे, आणि माझ्या त्या भाषणाची दुरुस्तीही आहे. हे उत्तर मला सापडले ते एका पोलिश टेनिसपटूच्या चरित्रात.

पोलंडकडे मी कशी वळले, हे आधी सांगायला हवे. आमच्या कोल्हापूर भागात पोलंड हे नाव अगदीच परके नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ पर्यंत, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे तेथे राहत. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. आमचे पणजोबा त्या छावणीवर गूळ आणि भाजी घेऊन जात, असे आजोबा सांगतात. त्यामुळे वर्तमानपत्रात पोलंडचे नाव दिसले की माझी नजर तेथे थांबते. २०२५ साली इगा श्वियाँतेक ही पोलिश मुलगी विम्बल्डनला एकेरीची विजेती झाली. त्यापूर्वी एकेरीच्या अंतिम सामन्यात पोहोचलेल्या पोलिश स्त्रियांचा शोध घेत मी मागे गेले, तेव्हा १९३७ सालाशी येऊन थांबले. तेथे एक नाव होते : यादविगा येंजेयोफ्स्का.

कुंपणापलीकडचे मैदान

यादविगाचा जन्म १५ ऑक्टोबर १९१२ रोजी क्राकूफ शहरात झाला. त्या वेळी पोलंड नावाचे राज्य नकाशावर नव्हते. क्राकूफ ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला तो १९१८ साली. यादविगाचे घर कष्टकरी माणसांचे आणि गरिबीचे. परंतु घराजवळच विद्यार्थ्यांच्या क्रीडासंघाची टेनिसची मैदाने होती. खेळणाऱ्यांचे चेंडू वेचून देण्याचे काम ती लहानपणी करू लागली. दुसऱ्यांचा खेळ पाहत पाहत ती खेळ शिकली. पुढे तिने आपल्या आत्मचरित्राला 'मी टेनिसच्या मैदानावर जन्मले' अशा अर्थाचे नाव दिले, ते उगाच नव्हे.

त्या काळी टेनिस हा खेळ कोणाचा होता, याची कल्पना आपल्याकडच्या एका उदाहरणावरून येईल. १९३४ साली मुंबईच्या लीला राव या विम्बल्डनमध्ये सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. संस्कृत लेखिका पंडिता क्षमाबाई राव यांच्या त्या कन्या. वडील नामवंत डॉक्टर, आई विदुषी आणि स्वतः टेनिस खेळणारी. लीलाबाईंचे कर्तृत्व यामुळे कणभरही कमी होत नाही. पण घरात विद्या, साधने आणि खेळ ही तिन्ही आधीपासून होती, हे नमूद केलेच पाहिजे. जगभर टेनिस खेळणाऱ्या बहुतेक स्त्रिया अशाच घरांतून येत. यादविगा मात्र कुंपणापलीकडून आत आली.

तिचा फोरहँडचा फटका अतिशय जोरदार होता. त्याच्या बळावर ती देशाची विजेती झाली आणि परदेशांतील स्पर्धांत खेळू लागली. तिचे आडनाव इंग्रजांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी तिला 'जेड' म्हणायला सुरुवात केली. १९३६ साली ती विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचली आणि अमेरिकेच्या हेलन जेकब्सकडून हरली.

१९३७ : एक वर्ष, दोन अंतिम सामने

१९३७ साली विम्बल्डनच्या उपांत्य सामन्यात यादविगाने अमेरिकेच्या अ‍ॅलिस मार्बलचा ८-६, ६-२ असा पराभव केला. अंतिम सामन्यात तिच्यासमोर होती इंग्लंडची डोरोथी राउंड. राउंड ही १९३४ सालची विजेती. रविवारी खेळायचे नाही हा नेम कसोशीने पाळणारी.

पहिला सेट राउंडने ६-२ असा घेतला. दुसरा यादविगाने तितक्याच फरकाने, ६-२ असा जिंकला. तिसऱ्या आणि निर्णायक सेटमध्ये यादविगा ४-१ अशी पुढे गेली. टेनिसमध्ये सेट जिंकायला किमान सहा गेम लागतात. म्हणजे अजिंक्यपदापासून ती केवळ दोन गेम दूर होती. पण पुढच्या सात गेमपैकी सहा राउंडने घेतले आणि तो सेट ७-५ असा जिंकला. संपूर्ण सामन्याचे गेम मोजले तर राउंडचे पंधरा भरतात आणि यादविगाचे तेरा.

दोन गेमच्या या फरकाने एक नाव विजेत्यांच्या यादीत गेले आणि दुसरे मागे राहिले. परीक्षेत दोन गुणांनी वर्ग हुकलेल्या मित्रमैत्रिणींना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

त्याच वर्षी ती अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेतही अंतिम सामन्यापर्यंत गेली. तेथे चिलीच्या अनिता लिझानाने तिला ६-४, ६-२ असे हरवले. १९३९ साली पॅरिसमधील फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या सिमॉन मात्यूने तिच्यावर ६-३, ८-६ अशी मात केली. एकेरीचे तीन मोठे अंतिम सामने आणि तिन्ही ठिकाणी उपविजेतेपद! परंतु पॅरिसच्या त्याच स्पर्धेत, जिच्याकडून एकेरीत हार पत्करली त्या मात्यूलाच जोडीदार करून यादविगाने दुहेरीचे अजिंक्यपद मिळवले. टेनिसच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी एखादीत पोलिश खेळाडूने मिळवलेले ते पहिले अजिंक्यपद होते.

पैशाला हात न लावण्याचा नियम

आता माझ्या भाषणाच्या विषयाकडे येते. १९६८ पर्यंत टेनिसच्या चारही प्रमुख स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी होत्या. बक्षिसादाखल चषक मिळे, पैसा मिळत नसे. जो पैसा घेऊन खेळेल, त्याला या स्पर्धांची दारे बंद. फ्रान्सची सुझान लांग्लें ही असामान्य खेळाडू १९२६ साली पैसे घेऊन खेळू लागली आणि विम्बल्डनला कायमची मुकली. इंग्लंडचा फ्रेड पेरी १९३४ ते १९३६ अशी सलग तीन वर्षे विम्बल्डनचा विजेता होता. १९३६ च्या अखेरीस तो धंदेवाईक झाला आणि विम्बल्डनच्या क्लबाने त्याला दिलेले मानाचे सभासदत्व काढून घेतले. म्हणजे १९३७ साली यादविगा ज्या मैदानावर अंतिम सामना खेळली, तेथे आदल्या वर्षीच्या विजेत्याला खेळण्याचा अधिकार उरला नव्हता.

वरवर पाहता हा नियम फार उदात्त वाटतो. खेळ खेळासाठी खेळावा, पैशासाठी नव्हे. माझ्या भाषणाचा सारा डोलारा याच कल्पनेवर उभा होता. परंतु थोडा विचार केला की दुसरी बाजू दिसते. पैशाला हात न लावता वर्षानुवर्षे खेळायचे असेल, तर पैसा आधीच घरात असावा लागतो. ज्याच्या घरी तो आहे, त्याला या नियमाचे ओझे वाटत नाही. चेंडू वेचत मोठ्या झालेल्या मुलीच्या बाबतीत मात्र हाच नियम सांगतो की, तू जिंकलीस तरी तुझ्या कष्टांचा मोबदला तुला घेता येणार नाही. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. पण हौस परवडावी लागते, हे विसरतो.

युद्ध आणि त्यानंतर

१९३९ च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. फ्रेंच अंतिम सामन्याला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. यादविगा सव्वीस वर्षांची होती. जर्मन अमलाखाली पोलिश लोकांच्या संघटित खेळांवर बंदी आली. स्वीडनचे राजे पाचवे गुस्ताव हे स्वतः टेनिसचे मोठे शौकीन होते. त्यांनी तिला देशाबाहेर नेण्यासाठी साहाय्य देऊ केले, पण ती आपली माणसे सोडून गेली नाही. १९४० ते १९४५ अशी सहा वर्षे विम्बल्डनच भरले नाही. खेळाडूच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे अशी युद्धाने खाल्ली.

युद्ध संपले तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. तिने पुन्हा रॅकेट हाती घेतली. १९४७ साली फ्रेंच स्पर्धेत मिश्र दुहेरीच्या अंतिम फेरीत ती पोहोचली. पोलंडच्या राष्ट्रीय स्पर्धांत एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून तिची पासष्ट विजेतेपदे झाली. तिचे आत्मचरित्र १९५५ साली प्रसिद्ध झाले. २८ फेब्रुवारी १९८० रोजी कातोवित्से येथे तिचे निधन झाले.

उघडलेले दार

१९६८ साली विम्बल्डन सर्व खेळाडूंना खुले झाले. त्या वर्षी पुरुष विजेत्याला दोन हजार पौंड मिळाले आणि स्त्री विजेतीला साडेसातशे. दार उघडले, पण स्त्रियांसाठी अर्धेही नाही! १९७० साली अमेरिकेत नऊ स्त्री खेळाडूंनी प्रत्येकी एका डॉलरच्या करारावर सह्या करून आपली स्वतंत्र स्पर्धा-मालिका सुरू केली. त्यांतील बिली जीन किंग हिच्या पुढाकाराने १९७३ साली स्त्री टेनिसपटूंची संघटना उभी राहिली. विम्बल्डनने दोघांना समान रक्कम दिली ती २००७ साली. या स्त्रियांना आपण मैदानावरच्या व्यापारी म्हणणार काय? त्या आपल्या श्रमाची किंमत मागत होत्या.

यादविगाच्या क्राकूफमध्येच १९८९ साली आग्निएश्का राद्वान्स्का जन्मली. ती धंदेवाईक म्हणून खेळली आणि त्यात कोणाला काही गैर वाटले नाही. नाजूक हाताने चेंडू हवा तेथे ठेवणारी ही खेळाडू २०१२ साली विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात पोहोचली. यादविगाच्या त्या सामन्याला तेव्हा पंचाहत्तर वर्षे झाली होती. राद्वान्स्काही सेरेना विल्यम्सकडून ६-१, ५-७, ६-२ अशी तीन सेटमध्येच हरली. एकेरीची वीस विजेतेपदे मिळवून ती २०१८ साली निवृत्त झाली.

त्यानंतर श्वियाँतेक आली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये नौकानयनात भाग घेतलेल्या वडिलांची ही मुलगी. २०२० च्या उन्हाळ्यात तिने शालान्त परीक्षा दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एकही सेट न गमावता फ्रेंच स्पर्धा जिंकली. एकेरीत असे अजिंक्यपद मिळवणारी ती पहिली पोलिश खेळाडू. तेव्हा तिचे वय एकोणीस होते. आज माझे जेवढे आहे तेवढेच. तिचे बक्षीस होते सोळा लाख युरो. २०२५ साली विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तिने अमांडा अनिसिमोवाला ६-०, ६-० असे हरवले. यादविगाचे दोन गेम अठ्ठ्याऐंशी वर्षांनी असे भरून निघाले, असे मला उगाचच वाटून गेले.

समारोप

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. पैसा आला म्हणून सगळेच सुधारले असे नाही. मोठी रक्कम शेवटच्या फेऱ्यांत पोहोचलेल्यांना मिळते. पहिली रॅकेट आणि पहिला शिक्षक यांचा खर्च आजही घरालाच सोसावा लागतो. कुंपणाबाहेर उभी असलेली मुलगी आजही आहेच. फरक इतकाच की, ती एकदा आत आली तर तिने खेळावर पोट भरणे हा आता अपराध ठरत नाही.

हाच प्रश्न आपल्यालाही लागू आहे. 'हल्लीचे विद्यार्थी ज्ञानासाठी नव्हे, नोकरीसाठी शिकतात' असे खेदाने म्हटलेले मी अनेकदा ऐकले आहे. असे म्हणणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. मी नोकरीसाठी शिकते हे खरे, आणि इतिहासाचे पुस्तक हातात आले की जेवणाची वेळ विसरते हेही खरे. या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत असे मला आता वाटत नाही.

हंगामात वडील काहिलीपाशी उभे असतात. रस उकळत असतो. ते पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतात, बोटांनी त्याची गोळी करून पाहतात आणि नेमक्या क्षणी काहील उतरवायला सांगतात. क्षणभर उशीर झाला तर सारा गूळ बिघडेल. या कामाची ते मजुरी घेतात. ती घेतात म्हणून त्यांची बोटे कधी खोटे बोलत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत यादविगाची ही हकीकत मी त्यांना सांगितली. ४-१ वरून ती हरली, हे ऐकून त्यांना फार हळहळ वाटली. मग म्हणाले, "आन् इतकं खेळून पोरीला काय मिळालं?" मी म्हटले, "पैसे नाही मिळाले, आबा. घ्यायची बंदी होती." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्ये मातुर वाईट क्येलं."

माझे गेल्या वर्षीचे भाषण मी मागे घेते. बक्षीस परत करण्याची मात्र तयारी नाही. तेवढी हौस मला परवडणारी नाही.