मिगवर साय कुठून आली?

प्रश्न : १:७२ प्रमाणातलं मिग-२१ विमानाचं मॉडेल मी तीन महिने खपून पूर्ण केलं. रंगसंगती १९७१ च्या युद्धातली, गडद हिरव्या पट्ट्यांची. ऑगस्टमधल्या एका रविवारी, पावसाची उघडीप बघून, गॅलरीत मॅट वार्निशचा स्प्रे मारला. दहा मिनिटांत हिरव्या रंगावर पांढरट साय धरली. कॅन चांगल्या कंपनीचा होता, मुदतही संपलेली नव्हती. चूक कुठे झाली? आणि आता विमान टाकून द्यायचं का?
– एक वाचक, एकलहरे (नाशिक)

उत्तर : टाकून मुळीच देऊ नका. ज्या विमानाची भारतातली बांधणी तुमच्याच जिल्ह्यात, ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये झाली आणि ज्याला हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निरोप दिला, ते तुमच्या कपाटात तरी राहायला हवं.

आधी एक करा. बोट पाण्यात बुडवून त्या पांढऱ्या डागावर हलकेच फिरवा. ओलं असेपर्यंत डाग नाहीसा झाला आणि वाळल्यावर परत उमटला, तर दोष वरवरचा आहे. ओला होऊनही तो पांढराच राहिला, तर दोष वार्निशच्या थराच्या आत आहे. दिसायला दोन्ही सारखेच, पण दुखणी वेगळी.

मॅट वार्निश म्हणजे साधं चकचकीत वार्निशच. त्यात सिलिकाची अतिशय बारीक पूड घातलेली असते. थर वाळून आकसला की हे कण पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे करतात. उजेड त्यांच्यावर पडून चहूकडे विखुरतो आणि चमक मरते. सिलिकाचा अपवर्तनांक साधारण १.४६, ॲक्रिलिक रेझिनचा १.४९. इतका थोडा फरक असल्यामुळे रेझिनमध्ये पुरते बुडालेले कण डोळ्यांना दिसत नाहीत. पण डबा नीट न हलवल्यामुळे एकाच जागी पुडीचा गाळ पडला, किंवा फवारा लांबून मारल्यामुळे थेंब हवेतच वाळून भुकटीसारखे बसले, तर कणांभोवती रेझिनऐवजी हवा राहते. मग तिथे पांढरं दिसायला लागतं. न्हाणीघराच्या खिडकीची दुधी काच आठवा. तिच्या खरखरीत बाजूवर पाणी उडालं की तेवढ्यापुरतं आरपार दिसतं. तुमच्या ओल्या बोटाची परीक्षा हीच.

तुमच्या बाबतीत मात्र मला दुसऱ्या दुखण्याचा दाट संशय आहे, कारण तुम्ही ऑगस्ट म्हणता. स्प्रेमधला द्रावक झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. हाताला स्पिरिट लावल्यावर गार वाटतं, तसंच. आता हिशेब बघा. तापमान २६ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २३ अंशांवर असतो. म्हणजे विमानाचा पत्रा, आपलं, प्लॅस्टिक, जेमतेम तीन अंशांनी गार झालं की त्यावर दव धरणार. हे पाणी ओल्या वार्निशमध्ये अडकतं, रेझिनला नीट एकजीव होऊ देत नाही आणि थर दुधाळ होतो. उघडीप होती म्हणता, पण पाऊस थांबला म्हणून हवा कोरडी होत नाही. एप्रिलमधल्या ४० अंशांच्या दुपारी, आर्द्रता २० टक्के असताना, दवबिंदू १३ अंशांच्या आसपास असतो. तेव्हा साय धरायची भीती नाही. भीती असते ती थेंब हवेतच वाळण्याची.

सुतारकाम करणाऱ्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. भर पावसाळ्यात फर्निचरला पॉलिश करायला सांगितलं, तर जाणता पॉलिशवाला ‘पांढरं पडेल’ म्हणून दिवाळीकडे बोट दाखवतो. आपण त्याला कामचुकार समजतो! ‘मग पेणचे मूर्तिकार ऐन पावसात गणपती कसे रंगवतात?’ असं विचाराल. तिथलं बरंचसं रंगकाम पाण्यातल्या रंगांचं. त्यांची झुंज असते रंग वाळवण्याशी; अशी साय धरण्याशी नव्हे. तुम्हालाही पावसाळ्यात काम उरकायचंच असेल, तर पाण्यातलं मॅट वार्निश ब्रशने किंवा एअरब्रशने पातळ लावा. मात्र पंखांच्या सांध्यात ते साचू देऊ नका. साचलं की तिथेही पांढरं दिसतं.

आता इलाज. पृष्ठभागाचा दोष असेल, तर त्यावर चकचकीत वार्निशचा एक पातळ हात द्या. खाचा भरतात आणि हिरवा रंग पुन्हा उजळतो. तो पुरता वाळला की मॅटचा हात पुन्हा. थराच्या आतलं दुखणं असेल, तर कोरड्या दिवसाची वाट बघून त्याच जातीच्या, म्हणजे लॅकरच्या, चकचकीत स्प्रेचा हलका हात मारा. त्यातला द्रावक जुना थर मऊ करतो आणि अडकलेली ओल निघून जाते. डुको मारणारे कारागीर यासाठी थिनरमध्ये रिटार्डर घालतात, म्हणजे द्रावक सावकाश उडतो. पण खाली इनॅमल रंग असेल तर जपून. लॅकरचा जाड हात बसला की इनॅमलला सुरकुत्या पडतात. म्हणून आधी प्लॅस्टिकचा एक चमचा त्याच हिरव्या रंगाने रंगवून त्यावर सगळा प्रयोग करून बघा. मी आजही चमच्याशिवाय पुढे जात नाही, आणि घरात चमचे का कमी होतात याचा खुलासाही मला वेळोवेळी द्यावा लागतो.

पुढच्या वेळी कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवा. गरम पाण्यात नाही, आणि गॅसजवळ तर नाहीच. आतली गोळी खुळखुळायला लागल्यावरही दोन मिनिटं हलवत राहा. अंतर वीतभर. फवारा विमानाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. एक जाड हात देण्यापेक्षा तीन विरळ हात बरे, मध्ये पंधरा मिनिटं सोडून. एसीच्या खोलीत गार झालेलं मॉडेल लगेच गॅलरीत आणू नका. फ्रिजमधल्या बाटलीसारखा त्यालाही घाम फुटतो. साधा कापडी मास्क द्रावकाची वाफ अडवत नाही, तेव्हा वारा खेळता हवा.

एकलहऱ्याला आणखी एक पथ्य. औष्णिक केंद्राच्या शेजारी हवेत राख असणार, आणि ओल्या वार्निशला ती लगेच चिकटते. ते करडे ठिपके म्हणजे साय नव्हे, त्यांना वरचे इलाजही लागू पडत नाहीत. फवारणी झाली की मॉडेलवर खोकं पालथं घाला.

आणि वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच सगळ्यात शेवटी चिकटवा. तिच्यावर मॅट बसलं, तर तिचीही न्हाणीघराची खिडकी होईल.