ऑर्लेआँची अफवा

(फ्रान्समधील एका शहरात १९६९ साली एक अफवा पसरली. ती कशी पसरली, तिच्यात एका साप्ताहिकाचा हात किती होता आणि वृत्तपत्रांनी काय केले, याची हकीकत या पाठात सांगितली आहे.)

'अफवा' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत तुम्ही 'अफवाह' म्हणता, मराठीत आपण 'अफवा' म्हणतो. शब्द मूळचा अरबी आणि त्याचा मूळ अर्थ आहे 'तोंडे'. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते ती अफवा. पण कधी कधी या तोंडांना छापील कागदाचीही मदत मिळते.

फ्रान्सची राजधानी पॅरिस. तिच्या दक्षिणेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर लुआर नदीच्या काठी ऑर्लेआँ हे जुने शहर आहे. जोन ऑफ आर्क या शूर मुलीने १४२९ साली इंग्रजांचा वेढा मोडून हे शहर सोडवले. त्याची आठवण म्हणून दरवर्षी मे महिन्यात तेथे मोठा उत्सव होतो. १९६९ साली या शहरात मुलींच्या नव्या फॅशनच्या कपड्यांची दुकाने निघाली होती. आखूड झगे, भडक रंग, दुकानात वाजणारे संगीत! तरुण मुलींना ही दुकाने फार आवडत. त्यांच्या आयांना मात्र ती तितकीशी पसंत नव्हती.

त्याच मे महिन्याच्या सुरुवातीला 'न्वार ए ब्लाँ', म्हणजे 'काळे आणि पांढरे', या नावाच्या साप्ताहिकात एक गोष्ट छापून आली. गोष्ट ग्रनोब्ल या दूरच्या शहरातली होती. एक गृहस्थ आपल्या तरुण पत्नीला मोटारीतून कपड्यांच्या दुकानात घेऊन जातो. ती आत जाते, तो बाहेर थांबतो. बराच वेळ होतो, पण ती परत येत नाही. शेवटी पोलीस येतात आणि दुकानाच्या मागच्या खोलीत ती औषध देऊन बेशुद्ध केलेली सापडते. मुलींना पळवून परदेशात विकणाऱ्या टोळीचे हे काम, असे गोष्टीत सांगितले होते. हा मजकूर त्याच सुमारास फ्रेंच भाषेत आलेल्या एका पुस्तकातून घेतलेला होता. साप्ताहिकाने तो खरी घटना म्हणून वाचकांपुढे ठेवला.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या मजकुरात ऑर्लेआँचे नाव नव्हते. यहुदी लोकांचेही नाव नव्हते. ही दोन्ही नावे गावाने आपल्या पदरची घातली.

मेच्या मध्यापर्यंत ऑर्लेआँमध्ये कुजबुज सुरू झाली. प्रथम एका दुकानाचे नाव घेतले गेले. त्या दुकानात कपडे घालून पाहण्याच्या खोल्या तळघरात होत्या. तेथे मुलींना सुई टोचून बेशुद्ध करतात, असे बोलले जाऊ लागले. मग दुकाने वाढली, एकाची सहा झाली. सहापैकी पाचांचे मालक यहुदी होते. सहावे दुकानही पूर्वी एका यहुदी मालकाचेच होते. नाहीशा झालेल्या मुलींचा आकडाही वाढत गेला. तो वीसच्या वर गेला. पुढे लोक सांगू लागले, की दुकानांच्या खालून नदीपर्यंत भुयारे आहेत, रात्री नदीत पाणबुडी येते आणि मुलींना घेऊन जाते! ऑर्लेआँजवळची लुआर नदी उथळ आहे. तिच्यात जागोजाग वाळूचे पट्टे दिसतात. नदी रोज पाहणाऱ्या माणसांनी पाणबुडीची गोष्ट ऐकली आणि पुढे सांगितली.

ही गोष्ट मुलींच्या शाळांत फार वेगाने फिरली. मैत्रिणींनी मैत्रिणींना सांगितली, आयांनी मुलींना सांगितली. इतकेच काय, काही शिक्षिकांनीही विद्यार्थिनींना त्या दुकानांत जाऊ नका म्हणून बजावले. शिक्षकाने सांगितले म्हणजे ते खरेच असणार, असे मुलींना वाटले तर त्यांचा काय दोष?

खरे-खोटे करणे अगदी सोपे होते. वीस-पंचवीस मुली नाहीशा झाल्या असत्या, तर वीस-पंचवीस घरांत आकांत झाला असता. आईबापांनी पोलिसांत तक्रार दिली असती. पोलिसांकडे अशी एकही तक्रार नव्हती. शहरातून एकही मुलगी नाहीशी झालेली नव्हती. पण हे विचारायला कोणी गेले नाही. उलट, पोलीस गप्प आहेत म्हणजे त्यांना पैसे चारले असणार, असा तर्क लोकांनी काढला. पुरावा नाही हाच लोकांना पुरावा वाटू लागला.

३१ मे हा शनिवार, बाजाराचा दिवस. त्या दिवशी दुकानांसमोर माणसांचे घोळके जमले. लोक दुकानांकडे रोखून पाहू लागले. आत पाऊल टाकायला कोणी तयार होईना. दुकानदारांच्या मनांत काय चालले असेल? ऑर्लेआँच्याच परिसरात पितिव्हिए आणि बोन-ला-रोलांद ही दोन गावे आहेत. दुसऱ्या महायुद्धात तेथे छावण्या होत्या. १९४२ साली हजारो यहुदी स्त्रीपुरुष आणि मुले तेथे कोंडली गेली. पुढे त्यांना आगगाड्यांत भरून आउशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवण्यात आले. या गोष्टीला १९६९ साली फक्त सत्तावीस वर्षे झाली होती. आपल्या दारासमोर जमलेल्या गर्दीकडे पाहताना एखाद्या यहुदी माणसाला हे आठवणार नाही, असे कसे होईल?

दुसऱ्या दिवशी, १ जूनला, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचे मतदान होते. लोकांचे लक्ष थोडे तिकडे वळले. सोमवारी, २ जूनला, शहरातील दोन्ही दैनिकांनी ही सारी कहाणी खोटी असल्याचे छापले. इतके दिवस ती गप्प का होती? अफवा छापली तर ती आणखी पसरेल, असे संपादकांना वाटले असावे. हा विचार अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. पण छापील खंडन नसल्यामुळे तोंडी गोष्टीला रान मोकळे मिळाले, हेही तितकेच खरे. नंतर पॅरिसची मोठी वृत्तपत्रे आणि साप्ताहिके या विषयावर लिहू लागली. अनेक संघटनांनी निषेधाची पत्रके काढली. मग मोठ्याने बोलायला कोणी धजेना.

जुलैमध्ये एदगार मोरँ हे समाजशास्त्रज्ञ आपल्या सहकाऱ्यांसह ऑर्लेआँला आले. त्यांनी विद्यार्थिनी, गृहिणी, शिक्षक, दुकानदार अशा अनेकांशी बातचीत केली आणि त्याच वर्षी या अफवेवर पुस्तक प्रसिद्ध केले. मोरँ यांचा स्वतःचा जन्म यहुदी कुटुंबातला. तरीही साऱ्या शहराला यहुदीद्वेष्टे ठरवून ते मोकळे झाले नाहीत. गोष्ट सांगणाऱ्या बहुतेकांच्या मनात कोणाविषयी उघड वैर नव्हते, असे त्यांना दिसले. बदलत्या काळाची भीती होती, मुली हाताबाहेर जातील ही चिंता होती. भीतीला बोट दाखवायला कोणीतरी हवे होते आणि ते बोट जुन्या सवयीने यहुद्यांकडे वळले.

मग साप्ताहिकाचा दोष किती? अशा गोष्टी फ्रान्समध्ये त्याआधीही फिरत होत्या. म्हणून सारा दोष त्या एका लेखावर टाकणे बरोबर होणार नाही. पण 'हे छापून आले आहे' असे म्हणण्याची सोय त्याने करून दिली. ग्रनोब्लला घडते, तर येथे का नाही?

खंडन छापून आल्यावरही काहीजण हळूच म्हणत राहिले, "जळल्याशिवाय धूर निघत नाही." १९७० च्या सुरुवातीला उत्तर फ्रान्समधील आमियाँ शहरात तशीच अफवा उठली. तेथेही कपड्यांचीच दुकाने होती.

शब्दार्थ : हकीकत – घडलेली गोष्ट. आकांत – मोठ्याने केलेला शोक. पदरचे घालणे – स्वतःच्या मनाने भर घालणे. खंडन – खोटे आहे असे दाखवणे. रान मोकळे मिळणे – अडवणारे कोणी नसणे. धजणे – धैर्य होणे.

स्वाध्याय
१. साप्ताहिकातील गोष्टीत कोणती दोन नावे नव्हती?
२. अफवा खोटी आहे हे कशावरून कळले असते?
३. 'पुरावा नाही हाच लोकांना पुरावा वाटू लागला' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. दैनिकांनी आधीच लिहायला हवे होते का? तुमचे मत कारणासह सांगा.
५. पाठातील जे शब्द उर्दूतही वापरतात, त्यांची यादी करा.