इसार विकणाऱ्याने द्यायचा नसतो
— ऊस विकास अधिकारी



आडसाली लागणीच्या शिवारफेरीत या वेळी बेण्याइतकीच चौकशी एका वेगळ्याच गोष्टीची झाली. "साहेब, ती हॉटेलची मेंबरशिप विकायची आहे. गिऱ्हाईक आहे म्हणून फोन येतात, खरे असतात का?" विषय आमच्या विभागाचा नव्हे, पण पैसा उसाच्या बिलाचाच गेलेला, म्हणून चार शब्द लिहितो.

प्रथम ही वस्तू काय ते पाहू. पेट्रोल पंपावर कूपन भरून घेतात, "बक्षीस लागले, जोडीने या" म्हणून शहरातल्या हॉटेलात बोलावतात आणि दोन-तीन तास बसवून सही घेतात. गोव्यात किंवा थंड हवेच्या ठिकाणी वर्षातून सात दिवस राहण्याचा 10 किंवा 25 वर्षांचा हक्क, यालाच टाइमशेअर म्हणतात. आपल्याकडे बहुधा हा नुसता वापराचा हक्क असतो, जागा नावावर होत नाही. कारखान्याचा भाग घेतला की आपण मालक होतो, सभेत मत देतो, तसे हे सभासदत्व नव्हे. शिवाय बहुतेक करारांत तुम्ही जा अगर जाऊ नका, वार्षिक देखभाल शुल्क चालूच राहते. म्हणून माणूस विकायला निघतो, आणि लबाड त्याचीच वाट पाहत असतो.

आपल्याच एका सभासदाची हकीकत सांगतो, नाव सांगत नाही. फोनवरच्या माणसाने मेंबरशिपचा नंबर, घेतल्याचे साल, भरलेली रक्कम सगळे बिनचूक सांगितले. मग विश्वास बसणारच. (अशा याद्या बाजारात फिरतात. माहिती बरोबर असली म्हणून माणूस बरोबर ठरत नाही.) चार लाख ऐंशी हजाराला गिऱ्हाईक तयार आहे म्हणाला. आधी नोंदणीचे 6,500 घेतले. आठवड्याने ना-हरकत दाखल्याचे 18,000. मग जीएसटीचे 27,000, "चेकबरोबर परत मिळतील" म्हणून. चौथ्या वेळी टीडीएस मागितला, तेव्हा घरातल्या बाईंनी विचारले, "अहो, आपण विकतोय की घेतोय?"

हाच खरा प्रश्न. बैलबाजारात काय होते? दात बघून, चालवून सौदा ठरला की घेणारा इसार देतो, विकणारा नव्हे. आपल्या बिलातही तोडणी-वाहतुकीचा हिशोब उसाच्या किमतीतून होतो. बिल हवे म्हणून आधी रोख भरा, असे कोणी म्हणत नाही. खऱ्या दलालाची दलालीही व्यवहार झाल्यावर आलेल्या पैशातून निघते. टीडीएस तर पैसे देणाऱ्याने कापून भरायचा कर आहे. बँक व्याजावर तो कापते, तुमच्याकडे मागायला येत नाही. तेव्हा विकणाऱ्याकडे आगाऊ पैसे मागितले, मग नाव कोणतेही द्या, तिथेच फोन ठेवावा. रिझर्व्ह बँकेचा शिक्का मारलेले पत्र मोबाईलवर आले तरी ठेवावा. रिझर्व्ह बँक असल्या सौद्यात पडत नाही.

दुसरी खूण भावाची. 25 वर्षांतली 13 वर्षे उलटलेला हक्क घेतल्या किमतीपेक्षा जास्त कोण देऊन घेईल? खोडव्याला लागणीचा उतारा मागण्यासारखेच ते. खरा भाव पुष्कळ कमी येतो, कधी कधी गिऱ्हाईकच मिळत नाही. हे कडू आहे, पण समजून घेतलेले बरे.

विकायचेच असेल तर मूळ करार काढून हस्तांतराचे कलम वाचावे. नाव बदलायला कंपनीची संमती लागते का, शुल्क किती, मुदत किती उरली, थकबाकी काय, हे कंपनीलाच लेखी विचारावे, आणि तेही करारावर छापलेल्या पत्त्यावर. फोन करणाऱ्याने दिलेल्या नंबरावर नव्हे. कंपनी मेंबरशिप परत घेते का, तेही विचारावे. ओळखीतले गिऱ्हाईक सर्वांत बरे. हस्तांतराचे शुल्क त्याने थेट कंपनीत भरावे आणि तुमचे पैसे बँकेत जमा झाल्याशिवाय शेवटच्या कागदावर सही करू नये. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन द्यायलाच लागतो. ओटीपी सांगू नका, कोणी सांगितले म्हणून मोबाईलवर ॲप घेऊ नका.

पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका. ताबडतोब 1930 ला फोन करा. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडण्याची आशा. बँकेलाही त्याच तासात कळवा. मूळ कंपनीनेच फसवले असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मुंबईला जावे लागत नाही. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. आणि काही दिवसांनी "बुडालेले पैसे काढून देतो, फक्त फाईलचा खर्च द्या" असा फोन येईल. तो बहुधा त्याच टोळीचा असतो.

करार इंग्रजीत असल्याने अडत असेल, तर शनिवारी सकाळी मी गट कार्यालयात असतो. झेरॉक्स घेऊन यावे, मूळ प्रत घरीच ठेवावी.