ज्ञानचाचणी : जुनं सोल आणि हिप-हॉप संगीत (इयत्ता ८ वी ते १० वी)



मागच्या वर्षी स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करताना मी एका गाण्याची ओळख "पारंपरिक लोकगीत" अशी करून दिली. कार्यक्रम संपल्यावर नववीतली एक मुलगी माझ्याजवळ आली न म्हणाली, "सर, ते लोकगीत नाही. वामनदादांचं आहे. माझे आजोबा म्हणतात ते." मी ओशाळलो. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी हजारो गीतं लिहिली, गावोगावी फिरून गायली, आणि मी माइकवरून त्यांचं नावच पुसून टाकलं होतं.

त्यातून ही चाचणी तयार झाली. आमच्या वर्ध्याकडची मुलं मोबाइलवर दिवसभर रॅप ऐकतात, पण ते आलं कुठून हे त्यांना ठाऊक नसतं. म्हणून प्रश्न परदेशी संगीतावर काढले आणि शेवट मात्र आपल्या अंगणात आणला. आधी मुलांना उत्तरं लिहू द्या, मग स्पष्टीकरण वाचून दाखवा.

प्रश्न १. हिप-हॉपची सुरुवात कुठे आणि केव्हा झाली असं मानतात?
उत्तर : ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स भाग, १५२० सेजविक अव्हेन्यू ही इमारत.
स्पष्टीकरण : सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. पैसे जमवायला तिने इमारतीच्या हॉलमध्ये तिकीट लावून पार्टी ठेवली. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ होता, डीजे कूल हर्क. गाण्यात फक्त ढोल-ड्रम वाजतात तो तुकडा आला की पोरं जास्त नाचतात, हे त्याने हेरलं होतं. म्हणून एकच रेकॉर्ड दोन तबकड्यांवर लावून तो तुकडा लांबवायची युक्ती त्याने काढली. त्या तालावर बोलणं म्हणजेच पुढचं रॅप.

प्रश्न २. सोल संगीत कशातून जन्मलं?
उत्तर : कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गॉस्पेल गायन आणि रिदम अँड ब्लूज यांतून.
स्पष्टीकरण : एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलून धरायची, ही चर्चमधली पद्धत. आपल्या भजनात तरी दुसरं काय असतं? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (१९०९-१९६८) खंजिरी ऐकलेल्या घरात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न ३. 'रिस्पेक्ट' हे गाणं कोणी लिहिलं?
उत्तर : ओटिस रेडिंग (१९६५).
स्पष्टीकरण : बहुतेक जण अरीथा फ्रँकलिन लिहितात, कारण १९६७ मध्ये तिनेच ते जगभर पोचवलं. मूळ गाण्यात कामावरून घरी येणारा पुरुष मान मागतो. तिच्या तोंडी तीच मागणी बाईची झाली. "गाणारी व्यक्ती बदलली की अर्थ का बदलतो?" यावर वर्गात दहा मिनिटं चर्चा घ्याच.

प्रश्न ४. 'आमेन ब्रेक' म्हणजे काय?
उत्तर : द विन्स्टन्स या सोल गटाच्या १९६९ च्या 'आमेन, ब्रदर' मधला सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा.
स्पष्टीकरण : तो वाजवला ग्रेगरी कोलमनने. पुढे हजारो गाण्यांत तो कापून वापरला गेला. कोलमनला त्याचं मानधन मिळालं नाही. २००६ मध्ये तो हलाखीत वारला. हे सांगितलं तेव्हा वर्ग शांत झाला. एकाने विचारलं, "सर, नाव तरी लिहायचे का त्याचं?" बहुतेक वेळा तेही नाही.

प्रश्न ५. 'हम होंगे कामयाब' मूळ कुठलं?
उत्तर : अमेरिकेतल्या 'वी शॅल ओव्हरकम' या चळवळीच्या गीताचं ते हिंदी रूप, कवी गिरिजाकुमार माथूर यांचं.
स्पष्टीकरण : आपण ते परिपाठात म्हणतो, पण त्याचा आपल्या भागाशीही धागा आहे. बेंजामिन मेज हे कृष्णवर्णीय प्राध्यापक १९३६-३७ च्या हिवाळ्यात वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. पुढे ते मोअरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले, आणि मार्टिन ल्यूथर किंग तिथे विद्यार्थी होते. जेम्स लॉसन तर १९५३ ते १९५६ नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. सत्याग्रहाचा अभ्यास करून ते परतले आणि १९६० मध्ये नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना अहिंसक धरण्यांसाठी त्यांनी तयार केलं. त्याच वर्षी हे गीत विद्यार्थी चळवळीत सगळीकडे पसरलं.

गुणदान : प्रत्येकी २ गुण. पण खरा प्रश्न सहावा, आणि त्याचं उत्तर पुस्तकात नाही.

प्रश्न ६ (गृहपाठ). घरात म्हटलं जाणारं एक जुनं गाणं निवडा : भीमगीत, भजन, ओवी, खडी गंमतीतला सवाल-जवाब, काहीही. ते कोणी रचलं, तुमच्या घरात कोणाकडून आलं, केव्हा म्हणतात, हे विचारून लिहा.

शिक्षकांसाठी सूचना : "माहीत नाही" हे उत्तर चालेल, पण विचारल्यानंतरच. जात्यावरच्या ओवीला रचणारीचं नाव नसतं, तिथे सांगणाऱ्या आजीचं नाव लिहायला लावा. कोणाचं गाणं कोणत्या समाजाचं यावरून वर्गात हसू येऊ देऊ नका. कलगी-तुऱ्यात दोन बाजू गाण्यातून भांडतात, ते रॅपच्या जुगलबंदीशेजारी ठेवून दाखवलं की मुलं आपोआप जोडून घेतात.

पालकांना विनंती : मूल वही घेऊन आजोबांजवळ बसलं तर टीव्हीचा आवाज थोडा कमी करा.

आमच्या वर्गात एकवीस वह्या आल्या. अकरा गाण्यांना रचणाऱ्याचं नाव सापडलं. यंदाच्या स्नेहसंमेलनात ती नावं माइकवरून आधी वाचली, गाणी नंतर झाली. वाचायला ती नववीतली, आता दहावीत असलेली मुलगीच उभी होती.