ग्वांगझू एव्हरग्रँड : एका फुटबॉल क्लबचे अर्थकारण

दक्षिण चीनमधील ग्वांगझू शहराच्या फुटबॉल क्लबने २०११ ते २०१७ अशी सलग सात वर्षे चिनी सुपर लीगचे विजेतेपद मिळविले आणि २०१९ मध्ये त्यात आठव्या विजेतेपदाची भर घातली. २०१३ व २०१५ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगही या क्लबने जिंकली. असा क्लब जानेवारी २०२५ मध्ये बंद पडला. या घटनेची कारणे खेळाच्या दर्जात सापडत नाहीत. ती चीनच्या स्थावर मालमत्ता क्षेत्रात शोधावी लागतात.

२०१० च्या प्रारंभी मॅच-फिक्सिंगच्या जुन्या प्रकरणामुळे क्लबला दुसऱ्या श्रेणीत ढकलण्यात आले होते. त्याच वर्षी एव्हरग्रँड या गृहबांधणी समूहाने तो १० कोटी युआनला विकत घेतला. चीनमध्ये नागरी जमीन सरकारच्या मालकीची असते व तिच्या वापराचे हक्क विकून स्थानिक शासनसंस्था मोठा महसूल मिळवितात. बांधकाम व्यावसायिकाला या संस्थांशी सलोखा हवा असतो आणि घर उभे राहण्यापूर्वीच पैसे भरणाऱ्या ग्राहकाचा विश्वासही हवा असतो. शहराचा विजयी संघ या दोन्ही गोष्टी मिळवून देतो. जाहिरात म्हणून पाहिल्यास हा व्यवहार स्वस्तच म्हटला पाहिजे.

पैसा मुक्तहस्ते खर्च झाला. इटलीला २००६ चा विश्वचषक जिंकून देणारे मार्सेलो लिप्पी २०१२ मध्ये प्रशिक्षक म्हणून आले. पुढे ब्राझीलचे लुईझ फेलिपे स्कोलारी आले. २०१३ च्या अंतिम फेरीत एफसी सोल संघाशी दोन्ही सामने बरोबरीत सुटले, तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेल्या अधिक गोलांमुळे ग्वांगझूला चषक मिळाला. केवळ तयार खेळाडूच विकत घेतले, असे मात्र म्हणता येणार नाही. चिंगयुआन येथे २०१२ मध्ये रेआल माद्रिदच्या सहकार्याने निवासी फुटबॉल शाळा सुरू झाली. २०१४ मध्ये अलिबाबाने क्लबचा निम्मा हिस्सा १२० कोटी युआनला घेतला. म्हणजे चार वर्षांत क्लबचे मोल २४ पट झाले! प्रत्यक्षात उत्पन्न खर्चाला पुरत नव्हते. तूट समूहाच्या पैशातून भरून निघत होती आणि समूह स्वतः कर्जावर व ग्राहकांच्या आगाऊ रकमांवर उभा होता.

ऑगस्ट २०२० मध्ये चीन सरकारने गृहबांधणी कंपन्यांच्या कर्ज उभारणीवर ‘तीन लाल रेषा’ या नावाने ओळखली जाणारी बंधने आणली. नवे कर्ज दुर्मीळ होताच एव्हरग्रँडची घडी विस्कटली. सुमारे ३०० अब्ज डॉलर देणी असलेल्या या कंपनीने २०२१ मध्ये परदेशी रोख्यांची देणी थकविली. नामांकित खेळाडू निघून गेले, तरुण मुलांवर संघाची भिस्त आली आणि २०२२ च्या हंगामाअखेर क्लब पुन्हा दुसऱ्या श्रेणीत उतरला. जानेवारी २०२४ मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयाने कंपनीच्या अवसायनाचा आदेश दिला. त्यानंतरच्या वर्षी, जुनी देणी चुकती न झाल्याने क्लबला व्यावसायिक स्पर्धेत प्रवेश नाकारण्यात आला.

क्लबसाठी कमळाच्या आकाराचे, १ लाख आसनांचे क्रीडागार उभारण्याचे काम एप्रिल २०२० मध्ये सुरू झाले होते. अपेक्षित खर्च १,२०० कोटी युआन होता. २०२२ मध्ये ती जमीन ५५२ कोटी युआनच्या परताव्यावर शासनाकडे परत गेली. कमळ उमललेच नाही.