नदीच्या दरडींतील थर आणि आपलें शेत

विहीर खणण्यास पैसा घालण्यापूर्वीं, किंवा नव्या जमिनीस पाटाचें पाणी देण्यापूर्वीं, जमिनीच्या पोटांत काय आहे हें पाहणें अगत्याचें असतें. नदीनें व ओढ्यांनीं कापलेली उभी दरड म्हणजे जमिनीचा आयता छेदच होय. तो कसा वाचावा, हें प्रवराकांठच्या दरडींवरून सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या पठाराचा पाया लाव्हारसापासून झालेल्या काळ्या पाषाणाचा असून तो सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा आहे. त्यावर नद्यांनीं पसरलेला गाळ फार अलीकडचा. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यांत नेवाशाजवळ तो चांगला दिसतो. तळाशीं काळा पाषाण. त्यावर चुन्यानें घट्ट सांधलेली खडी व गोटे. मग चुनखडीचे खडे असलेला पिवळसर गाळ. आणि माथ्यावर काळी माती.

खालचा थर आधींचा व वरचा मागाहूनचा, हा या विद्येचा पहिला नियम. तो स्टेनो या पंडितानें १६६९ सालीं मांडला. १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या देखरेखीखालीं नेवाशास जें संशोधन झालें, त्यांत नदीच्या खडींत अश्मयुगींतील मनुष्याचीं दगडी हत्यारें सांपडलीं. तर कांठावरील पांढरीच्या टेकाडांत फार नंतरच्या, ताम्रपाषाण व सातवाहन काळांतील वस्त्यांचे अवशेष मिळाले.

दुसरा नियम असा कीं, थराचा कण पाण्याचा वेग सांगतो. वेगवान प्रवाह गोटे वाहून आणतो. संथ पाण्यांतच बारीक गाळ बसतो. मोकळ्या खडींतून पाणी सहज वाहतें, चिकण मातींत तें अडतें. परंतु खडी लागली म्हणजे पाणी लागलें, असें मात्र समजूं नये. प्रवराकांठच्या सांधलेल्या खडींत कणांमधील पोकळ्या चुन्यानें भरलेल्या असतात. तेथें पाणी बहुतेक भेगांतूनच येतें.

पाहणीस दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. फुटांच्या खुणा केलेली दोरी, वही व लिंबू बरोबर घ्यावें. प्रत्येक थराची जाडी, रंग व कण टिपावेत. पांढऱ्या खड्यावर लिंबाचा रस टाकल्यास बुडबुडे आले, तर तो चुन्याचा समजावा. ओल कोणत्या थराच्या बुडाशीं पाझरते हें अवश्य लिहावें. त्याखालील थर पाणी अडविणारा असतो. पुढें झुकलेल्या दरडीखालीं उभें राहूं नये व ती पायथ्याशीं खणूं नये. मग शेजारच्या विहिरी खणतांना कोणते थर लागले, याची विचारपूस करून आपली नोंद ताडून पाहावी.

विहिरीइतकेंच महत्त्व निचऱ्यास आहे. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें व प्रवरेच्या कालव्यांनीं ऊंस वाढला. पण त्याच क्षेत्रांत पुष्कळ जमिनी पाणथळ व खारवट झाल्या. कारण उघड आहे. खालीं चिकण किंवा सांधलेला थर असेल, तर दिलेलें जादा पाणी त्यावर सांचतें व हळूहळू वर चढतें. पृष्ठभागाजवळ आलें म्हणजे उन्हानें तें उडून जातें, आणि क्षार मात्र मागें राहतात. अशा जमिनींत आधीं चर काढून निचऱ्याची सोय करावी, पाणी बेतानें द्यावें, व मगच बागायत वाढवावी.

तथापि नदीचे थर सर्वत्र सारखे नसतात. नदी पात्र बदलीत असल्यामुळें एका ठिकाणची खडी थोड्या अंतरावर संपते, आणि नदीपासून दूर गाळ पातळ होऊन पाषाण वर येतो. यास्तव दरडीवरून केवळ अंदाज बांधावा, आणि आपल्या शेतांत दोन-तीन ठिकाणीं पुरुषभर खोल खड्डे घेऊन त्याची खात्री करावी. खड्ड्यांची मजुरी थोडी. कोरड्या विहिरीचें किंवा खारावलेल्या जमिनीचें नुकसान पिढ्यान्‌पिढ्या सोसावें लागतें.