जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी आणि वर्तुळाचा पाठ



२००२ साली आलेली महिंद्राची स्कॉर्पिओ आपल्या नाशिकच्याच कारखान्यातली. सुटे भाग आणि जाणकार मिस्त्री इथे सहज मिळतात, म्हणून मी जुनी फोर-व्हील ड्राइव्ह स्कॉर्पिओ घेतली. आरसीवरचा चासी नंबर जुळवला, पंधरा वर्षांनंतरचे नोंदणी नूतनीकरण झाले आहे का ते पाहिले, खाली आडवा होऊन गंजही शोधला. (इंजिन थंड असतानाच चालू करून बघा. विकणारा आधीच गरम करून ठेवू शकतो!)

चूक पुढे झाली. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून वळलो. गाडी अडखळली, खालून कटकट आवाज. पोटात गोळाच आला. मिस्त्री म्हणाले, "सर, ही सोय चिखलासाठी आहे."

कारण पाचवीच्या 'वर्तुळ' पाठाजवळचेच आहे. वळताना पुढची चाके मोठ्या वर्तुळावरून जातात, मागची लहान. या गाडीत फोर-व्हील लावले की पुढच्या-मागच्या चाकांना फिरवणारे दांडे एकाच वेगाने फिरतात. चिखलात चाक घसरून फरक भरून निघतो. डांबरावर ते नीट घसरत नाही, मग ताण ट्रान्सफर केसवर येतो. म्हणून चारही टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले हवेत. माझे मागचे नवे, पुढचे गुळगुळीत! तो खर्च मी धरलाच नव्हता.

वर्गासाठी कृती: सायकलची चाके ओली करून मैदानावर गोल वळवा. उमटलेल्या दोन्ही रेघा मुलांना दोरीने मोजू द्या. बाहेरची रेघ कोणत्या चाकाची, ते मात्र आधी सांगू नका.